नगराची पत, नागरिकाची पुंजी

पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले, तेव्हा मुंबई शेअर बाजारात घंटा वाजवून त्यांचे स्वागत करण्यात आले होते. तत्कालीन केंद्रीय नगरविकासमंत्री व्यंकय्या नायडू आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस त्या सोहळ्यास उपस्थित होते. शहराला चोवीस तास पाणी देण्याच्या योजनेसाठी हे कर्ज होते. व्याजाचा दर ७.५९ टक्के आणि मुदत दहा वर्षांची. ती मुदत जून २०२७ मध्ये पूर्ण होते. एका मराठी नगराने आपल्या पतीवर खुल्या बाजारातून उभारलेले कर्ज फेडण्याची वेळ जवळ येत असताना, या मार्गाने नगरांचा विकास आणि सामान्य नागरिकाच्या बचतीचे रक्षण ही दोन्ही कार्ये एकाच वेळी साधतात काय, हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरणार नाही. कारण गेल्या काही वर्षांत गुंतवणुकीच्या क्षेत्रातील सल्लागार मंडळी अमेरिकेतील म्युनिसिपल बाँड फंडांचा दाखला वारंवार देऊ लागली आहेत. तेथे सामान्य माणूस अशा फंडात पैसे ठेवून चार-चार दशके करमुक्त उत्पन्न घेतो, मग आपल्याकडे तसे का नसावे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. युक्तिवाद आकर्षक आहे. मात्र त्या चार दशकांचा हिशेब मांडून पाहिल्याशिवाय तो स्वीकारणे व्यवहारी शहाणपणाचे नाही.

अमेरिकेत नगरांनी कर्ज काढण्याची परंपरा जुनी आहे. न्यूयॉर्क शहराने १८१२ मध्ये कालव्यासाठी काढलेले रोखे हे त्या देशातील पहिले नोंदलेले नगरकर्ज मानले जाते. पुढे १८२५ मध्ये पूर्ण झालेल्या ईरी कालव्याने न्यूयॉर्क राज्याचे भाग्य उजळले. ते पाहून इतर राज्येही कालवे, रेल्वे आणि बँका यांसाठी सढळ हाताने कर्ज काढू लागली. १८३७ च्या आर्थिक अरिष्टाने हा उत्साह जमिनीवर आणला. १८४१-४२ या काळात आठ राज्यांना व्याज चुकते करता आले नाही आणि मिसिसिपीने तर काही कर्ज साफ नाकारले. युरोपातील, विशेषतः इंग्लंडमधील धनकोंचे हात त्यात पोळले. त्या दुरवस्थेतून अमेरिकनांनी जो बोध घेतला तो महत्त्वाचा आहे. अनेक राज्यांनी आपल्या राज्यघटनांतच कर्जावर मर्यादा घातल्या, मतदारांच्या संमतीची अट आणली आणि कर्जाबरोबर ते फेडण्यासाठी कराची तरतूद करणे बंधनकारक केले. अमेरिकी नगररोख्यांच्या आजच्या प्रतिष्ठेचा पाया या बंधनांत आहे. फंडांच्या जाहिरातींत त्याचा उल्लेख सहसा नसतो.

दुसरा आधार कराचा. १९१३ मध्ये तेथे प्राप्तिकर लागू झाला तेव्हा राज्ये आणि नगरे यांच्या रोख्यांवरील व्याज त्यातून वगळण्यात आले. ही सवलत घटनेने दिलेला हक्क नसून संसदेची इच्छा आहे, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला, तरी सवलत टिकून राहिली. ३७ टक्के प्राप्तिकर भरणाऱ्या धनिकाला ४ टक्क्यांचे करमुक्त व्याज म्हणजे सुमारे ६.३५ टक्क्यांच्या करपात्र व्याजाइतके पडते. ज्याच्यावर कराचा बोजाच अल्प आहे अशा कामगाराला मात्र त्या ४ टक्क्यांचे फारसे अप्रूप नाही. १९७६ च्या कर सुधारणा कायद्याने हे करमुक्त व्याज म्युच्युअल फंडांना आपल्या भागधारकांपर्यंत तसेच पोहोचवण्याची मुभा दिली. खुल्या स्वरूपाचे म्युनिसिपल बाँड फंड तेथून सुरू झाले आणि मध्यमवर्गालाही ते दार उघडले. हे फंड धनिकांच्या सोयीतून जन्मले, हे विसरून चालत नाही.

आता परताव्याकडे वळता येईल. जानेवारी १९८२ मध्ये वीस वर्षे मुदतीच्या अमेरिकी नगररोख्यांवरील उत्पन्नाचा दर १३ टक्क्यांच्या वर गेला होता. २०२० च्या उन्हाळ्यात तोच दर २ टक्क्यांच्या आसपास उतरला. रोख्यांच्या व्यवहारातील मूलभूत नियम असा की, बाजारातील व्याजदर उतरला की आधीच्या चढ्या दराच्या रोख्यांचे मोल वाढते आणि दर चढला की ते घटते. पाणवठ्यावरच्या मोटेसारखे एक वर येते तेव्हा दुसरे खाली जाते. १३ टक्क्यांवरून २ टक्क्यांपर्यंतचा हा उतार जवळपास चार दशके चालला. त्या काळात फंडधारकाला व्याज मिळालेच, शिवाय मुद्दलाचे मोलही वाढत गेले. १९८१ मध्ये नगररोख्यांच्या निर्देशांकाने १० टक्क्यांच्या आसपास तोटा दाखवला होता. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, तो ४० टक्क्यांच्या घरात वधारला. दीर्घकालीन सरासरी काढताना असली वर्षे त्यात मिसळलेली असतात. ज्या दरांनी ती शक्य झाली ते दर आता नाहीत. जेथून २ टक्क्यांपर्यंत खाली येता आले, तेथून आणखी ११ टक्के खाली जाता येत नाही, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

अलीकडचे आकडे अधिक बोलके आहेत. ब्लूमबर्गच्या नगररोखे निर्देशांकाचा एकूण परतावा २०१४ मध्ये ९ टक्के आणि २०१९ मध्ये साडेसात टक्के होता. २०१३ मध्ये मात्र अडीच टक्क्यांचा तोटा होता आणि २०२२ मध्ये तर साडेआठ टक्क्यांचा. २०२२ चा तोटा कुठलेही मोठे नगर बुडाल्याने झालेला नव्हता. अमेरिकी मध्यवर्ती बँकेने महागाईला आवर घालण्यासाठी व्याजदर भराभर वाढवले, एवढेच त्याला पुरेसे ठरले. २०१५ ते २०२४ ही दहा वर्षे एकत्र घेतली, तर या निर्देशांकाचा वार्षिक परतावा सव्वादोन टक्के पडतो. म्हणजे १०० डॉलरचे दहा वर्षांत साधारण १२५ झाले. याच काळात अमेरिकेतील ग्राहक किमती सुमारे ३४ टक्क्यांनी वाढल्या. ज्या निवृत्त शिक्षकाने २०१४ च्या अखेरीस अशा फंडात आपली पुंजी ठेवली आणि व्याजही त्यातच राहू दिले, त्याला दहा वर्षांनी पूर्वीपेक्षा कमी वस्तू विकत घेता येत होत्या. फंडाचा खर्च यात धरलेलाच नाही, आणि व्याज खर्चून जगणाऱ्याची गत तर याहून वाईट. कागदोपत्री एकही पैसा बुडाला नाही आणि तरी घर थोडे रिते झाले!

येथे रोखा आणि रोख्यांचा फंड यांतील भेद लक्षात घ्यायला हवा. रोखा हाती असेल, तर मधल्या काळात बाजारभाव कितीही उतरला तरी मुदतीअंती दर्शनी रक्कम परत मिळते. फंडाला अशी मुदत नसते. जुने रोखे संपतात, नवे येतात आणि हा प्रवाह चालूच राहतो. भाव पडलेले असताना ज्याला मुलीच्या विवाहासाठी वा रुग्णालयाच्या खर्चासाठी पैसे काढावे लागतात, त्याचा तोटा कायमचा होतो. फंडाची बाजूही आहे. एकाच नगरावर सारी पुंजी टाकण्याची जोखीम त्यात टळते आणि चढलेल्या व्याजदराचा लाभ कालांतराने मिळू लागतो. २०२३ मध्ये निर्देशांकाने ६.४ टक्के परतावा दिला तो त्याचमुळे. थोडक्यात, सहा-सात वर्षे हात न लावता येण्याजोगा पैसा असेल तरच हे साधन उपयोगाचे.

नगरे बुडतात काय, या प्रश्नाचे अमेरिकी उत्तर बव्हंशी समाधानकारक आहे. मूडीजच्या १९७० पासूनच्या अभ्यासानुसार पतमानांकित नगररोख्यांपैकी दहा वर्षांत थकीत जाणाऱ्यांचे प्रमाण हजारी एक-दोन इतके अल्प आहे आणि खासगी कंपन्यांच्या रोख्यांशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. डिसेंबर २०१० मध्ये एका नामांकित विश्लेषक महिलेने दूरचित्रवाणीवरून शेकडो अब्ज डॉलरची नगरकर्जे बुडतील असे भाकीत केले. घाबरून अनेकांनी फंडांतून पैसे काढले आणि पुढच्याच वर्षी निर्देशांक १०.७ टक्क्यांनी वाढला. भीतीपोटी बाहेर पडलेल्यांनी तेवढे गमावले.

परंतु अपवाद झाले तेव्हा ते मोठे झाले. १९७५ मध्ये खुद्द न्यूयॉर्क शहरावर देणी थोपवण्याची पाळी आली. १९८३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील वीज प्रकल्पांच्या संस्थेने दोन अपूर्ण अणुभट्ट्यांपोटीचे सव्वादोन अब्ज डॉलर थकवले. डिसेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील सधन ऑरेंज काउंटी दिवाळखोरीत गेली, कारण तिच्या खजिनदाराने सार्वजनिक पैसा व्याजदरांच्या सट्ट्यात लावला होता. श्रीमंत नगराचा खजिनाही एका माणसाच्या हव्यासाने रिकामा होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे. २०१३ मध्ये डेट्रॉइटने सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह दिवाळखोरी पत्करली. मोटारींचे कारखाने गेले, माणसे गेली, कर देणारे उरले नाहीत. नगराच्या संपूर्ण करशक्तीची हमी असलेल्या रोख्यांवरही तेथे १०० डॉलरमागे सुमारे ७४ डॉलरच हाती आले आणि निवृत्त कर्मचाऱ्यांच्या वेतनालाही कात्री लागली. प्वेर्तो रिकोची कथा तर अधिक करुण आहे. या बेटाच्या रोख्यांवरील व्याज अमेरिकेच्या सर्व राज्यांत करमुक्त असल्याने देशभरातील फंडांनी ते भरभरून घेतले होते. बेटावरील निवृत्तांनीही आपली आयुष्यभराची बचत स्थानिक फंडांमार्फत त्यांतच गुंतवली होती. ७० अब्ज डॉलरहून अधिक कर्जाचा हा डोलारा कोसळला आणि कर्जाच्या पुनर्रचनेवर २०२२ मध्ये शिक्कामोर्तब झाले, तेव्हा या बचतदारांनी किती वर्षे वाट पाहिली होती, हे सरासरीच्या आलेखात दिसत नाही.

भारतात या व्यवहाराची मुळे नाहीत असे मानणे चुकीचे ठरेल. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातच कर्ज उभारणीची तरतूद आहे. स्वातंत्र्योत्तर काळात मात्र नगरांनी राज्य सरकारच्या दाराशी उभे राहण्याची सवय लावून घेतली. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर थोडी जाग आली. जानेवारी १९९८ मध्ये अहमदाबाद महापालिकेने राज्य सरकारच्या हमीशिवाय, केवळ आपल्या पतीवर, १०० कोटी रुपयांचे रोखे १४ टक्के दराने काढले आणि त्यातून पाणीपुरवठ्याचे काम उभे केले. त्या कर्जासाठी दहा जकात नाक्यांचे उत्पन्न स्वतंत्र खात्यात बाजूला काढले जात असे. १९९९ मध्ये नाशिकने १४.७५ टक्के दराने १०० कोटी, तर २००१ मध्ये नागपूरने १३ टक्के दराने ५० कोटी उभारले. २००२ मध्ये अहमदाबादला करमुक्त रोखे ९ टक्क्यांनी विकता आले. तामिळनाडूत तर त्याच वर्षी तेरा लहान नगरपालिकांनी एकत्र येऊन ३० कोटींचे कर्ज काढले. एकेकटीला ज्या बाजारात कोणी विचारले नसते, तेथे त्या हातात हात घालून गेल्या. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रात या प्रयोगाचे अनुकरण व्हावयास हवे होते.

आणि येथेच खरी अडचण येते. ज्या जकातीच्या भरवशावर अहमदाबादने कर्ज फेडले, ती गुजरातेत २००७ मध्ये रद्द झाली. महाराष्ट्रात जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तो ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांश उद्योग-व्यापारासाठी उठला आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होताच मुंबईची जकातही इतिहासजमा झाली. नाक्यांवरील रांगा आणि तेथील चिरीमिरी संपली हे चांगलेच झाले. मात्र त्याबरोबर नगरांचे हक्काचे, दररोज हाती येणारे उत्पन्न गेले आणि त्याची जागा राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईने घेतली. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील नगरपालिकांचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास घुटमळते आहे. ब्राझीलमध्ये नगरप्रशासनाचा वाटा सात टक्क्यांहून अधिक आहे. अमेरिकी फंडधारक ज्या रोख्यावर विश्वास ठेवतो त्यामागे नगराचा स्वतःचा कर असतो. आपल्याकडे त्या जागी मंत्रालयातून येणारा धनादेश आहे.

उरतो मालमत्ता कर. पुण्याच्या रोख्यांना त्याचाच आधार आहे. पण या कराकडे राजकीय पक्ष कोणत्या दृष्टीने पाहतात? पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरमालकांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत मध्यंतरी रद्द झाली आणि लोकक्षोभानंतर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा दिली. मुंबईत जानेवारी २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय झाला. या निर्णयांत सामान्य कुटुंबाला दिलासा आहे आणि त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु ज्या नगराचा मुख्य कर राज्याच्या राजधानीत, निवडणुकीचे वारे पाहून ठरतो, त्या नगराच्या रोख्यात निवृत्तिवेतनधारकाने पंधरा वर्षांसाठी पैसे ठेवावेत, असा सल्ला कोणी कोणत्या तोंडाने द्यावा? त्यात २०२२ पासून पुढची काही वर्षे राज्यातील महापालिकांचा कारभार लोकनियुक्त सभागृहाविना प्रशासकांकडे राहिला. कर्ज काढणारे एक, फेडणारे दुसरे आणि जाब विचारणारे कोणीच नाही, ही स्थिती धनकोला धीर देणारी नव्हती.

पुण्याचा अनुभव आणखी एका अंगाने बोध देणारा आहे. एकूण २२६४ कोटी उभारण्याची योजना होती. पहिले २०० कोटी हाती आले, केंद्राच्या अमृत योजनेतून प्रोत्साहनापोटी २६ कोटीही मिळाले आणि त्यानंतर कामाच्या निविदा नव्याने काढण्याची वेळ आली. कर्जाची रक्कम काही काळ बँकेत पडून राहिली आणि व्याजाचा मीटर मात्र चालू राहिला. पाण्याचे मीटर बसण्याआधी व्याजाचा मीटर बसला, असे पुणेकरांनी म्हटले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही. केंद्राच्या प्रोत्साहनाचा हेतू स्तुत्य आहे, त्यामुळे हैदराबाद, इंदूर, लखनौ, गाझियाबाद, वडोदरा, पिंपरी-चिंचवड अशी नगरे बाजारात उतरली. पण बक्षिसासाठी कर्ज आणि कामासाठी कर्ज यांतील अंतर पालिकांनी ओळखले पाहिजे.

आता भारतीय बचतदाराचा हिशेब. भारतीय नगररोख्यांत कोणाचे पैसे बुडाल्याचे उदाहरण नाही, ही जमेची बाजू. परंतु पुण्याच्या ७.५९ टक्क्यांतून ३० टक्के कर वजा जाता सव्वापाच टक्के उरतात आणि गेल्या काही वर्षांतील महागाईने तेवढे सहज गिळले. करमुक्ती २००० नंतरच्या काही रोख्यांना होती, आजच्यांना नाही. अमेरिकी फंडाच्या परताव्याचा जो प्राण, तोच येथे गैरहजर आहे. शिवाय बहुतेक रोखे बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या संस्था यांनीच घेतले. सामान्यांसाठी दार उघडले ते इंदूरने. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील महापालिकेने नर्मदेचे पाणी उपसण्याच्या विजेसाठी ६० मेगावॉटचा सौरप्रकल्प उभारण्याकरिता २४४ कोटींचे हरित रोखे ८.२५ टक्के दराने लोकांसमोर ठेवले आणि त्यांना मागणी जवळपास सहा पट आली. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा वीजखर्च घटवण्यासाठी नागरिकाने आपल्याच नगराला कर्ज द्यावे, यातील आपलेपणा मोलाचा आहे. त्याच महिन्यात राष्ट्रीय शेअर बाजाराने नगररोख्यांचा देशातील पहिला निर्देशांक सुरू केला. त्यात दहा नगरांचे २८ रोखे होते. फंडाची बीजे येथे आहेत. मात्र दहा नगरांच्या या चिमुकल्या, क्वचितच खरेदी-विक्री होणाऱ्या बाजारावर उद्या एखादा फंड उभा राहिला आणि गुंतवणूकदार एकाच वेळी पैसे मागू लागले, तर विकायचे कोणाला, याचे उत्तर आज कोणापाशीही नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी नगराला स्वतःचे, कायद्याने सुरक्षित उत्पन्न हवे. वस्तू व सेवा करातील वाटा राज्याच्या मर्जीवर न ठेवता थेट नगरांना मिळण्याची व्यवस्था हवी. पालिकांचे लेखापरीक्षित हिशेब वर्ष संपल्यावर काही महिन्यांत लोकांपुढे यायला हवेत. लहान नगरांसाठी तामिळनाडूसारखा सामायिक निधी हवा. करसवलत द्यायची तर ती धनिकांचा कर वाचवण्यासाठी नव्हे, तर ठरावीक रकमेपर्यंत, आपल्याच शहराचे रोखे घेणाऱ्या लहान बचतदाराला द्यावी. निवृत्तांच्या पैशाला हात घालणारे फंड त्यानंतर आले तरी उशीर झाला असे होणार नाही.

तूर्त पुणे महापालिकेने एक गोष्ट करण्यासारखी आहे. जून २०२७ मध्ये परत करावयाच्या २०० कोटींपैकी किती रक्कम परतफेडीच्या खात्यात साठली आहे, या कर्जातून किती टाक्या बांधल्या, किती किलोमीटर जलवाहिन्या टाकल्या, कोणत्या पेठेत आणि कोणत्या उपनगरात चोवीस तास पाणी पोहोचले, याचा तपशील प्रभागवार प्रसिद्ध करावा. पुढचे रोखे पुणेकरांनी घ्यावेत की नाही, हे ते कागद वाचून पुणेकर ठरवतील.